ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर : एका कापूस हंगामापासून दुसऱ्या हंगामापर्यंतचा अनुभव

गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड आणि आकडे मोबाइलवर दाखवणारा हा ओबीडी स्कॅनर अगदी साधा आहे. ईएलएम ३२७ जातीचा, ऑनलाइन मिळतो तो आगपेटीएवढा ब्लूटूथवाला. मागच्या कापसाला घेतला, या कापसाला लिहून राहिलो. आम्ही पांढरकवड्याकडचे, मोठं वर्कशॉप म्हणजे यवतमाळ नाहीतर नागपूर, आणि कुठंही गेलं तरी दिवस मोडतो.

घ्यायचं कारण घरची पेट्रोल एसयूव्ही. इंजिन तापल्यावर आरपीएमचा (मिनिटाला इंजिनाच्या फेऱ्यांचा) काटा ७५० च्या आसपास बसायचा, तो १४०० वर अडून राहायला लागला. पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडला की गाडी आपोआप पळते, बैलबंडीच्या मागं चालवायची तर ब्रेकवरचा पाय निघत नाही. गिअर बदलताना रेस खाली यायचं नाव घेत नाही. थंड इंजिनावर सकाळी हजार-बाराशे दिसले तर त्यात काही वावगं नाही, इथं मात्र भर दुपारी हा प्रकार.

वर्कशॉपात कोड निघाला पी ०५०७. त्याचा अर्थ एवढाच की आयडल, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिनाची रेस, पाहिजे त्यापेक्षा जास्त आहे. हे तर काटा पाहून आमच्या आईनंही सांगितलं असतं! थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणारी झडप) साफ झाली, कोड पुसला, डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा विझला आणि थोड्याच दिवसांत पुन्हा लागला. मग सल्ला आला, अख्खी थ्रॉटल बॉडी बदला. त्या भागाची किंमत ऐकून मी गाडी घरी आणली आणि स्कॅनर मागवला.

कोड वाचायला तो लागतोच, पण पैसे वसूल होतात ते चालू इंजिनाच्या आकड्यांवर. पहिला आकडा पाहिला कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या, तापमानाचा. हा सेन्सर बिघडून गरम इंजिनाला थंड समजत असेल, तर कॉम्प्युटर मुद्दाम रेस चढवून ठेवतो. माझ्याकडे ९० अंश दाखवत होता, म्हणजे तो निर्दोष. एसी बंद करूनही फरक नाही, बॅटरीचं चार्जिंग १४ व्होल्ट. राहिली फ्युएल ट्रिम. ऑक्सिजन सेन्सरचं ऐकून कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतो-घटवतो, ते ही ट्रिम सांगते. शून्याच्या आगंमागं पाच-सात टक्के चालतं. माझी लाँग टर्म (कॉम्प्युटरनं हळूहळू शिकलेली) ट्रिम उभ्या गाडीत अधिक १८ होती, आणि अडीच हजारांवर रेस धरली की एकूण ट्रिम ५ पर्यंत उतरत होती.

सगळा उलगडा या उतरण्यात आहे. आयडलला थ्रॉटल जवळजवळ बंद असतो, इंजिन थोडीशीच हवा घेतं, त्यामुळं बारीक भोकातून आलेली न मोजलेली हवाही मोठा वाटा खाते आणि तिला पुरवायला कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो. रेस दिली की आत येणारी हवा वाढते आणि त्याच भोकाचा हिस्सा नगण्य होतो. पेट्रोल पंप कमजोर असता तर उलटं झालं असतं, लोड वाढेल तशी ट्रिम वर गेली असती. एक मात्र लक्षात ठेवा, माझ्या गाडीत हवा मोजणारा एमएएफ सेन्सर आहे. एमएपीवाल्या (हवेऐवजी तिचा दाब मोजणाऱ्या) गाडीत अशी गळती असून ट्रिम फारशी हलत नाही.

आकडे घेऊन गावच्या मिस्त्रीकडं गेलो. तो ट्रॅक्टरवाला माणूस, मोबाइलकडं पाहिलंही नाही. म्हणाला, "भाऊ, गाडी हवा घेऊन राह्यली कुठून तरी." चिंधी गुंडाळलेल्या पक्कडीनं एकेक रबरी नळी दाबत गेला. ब्रेक बूस्टरची दाबली, काही नाही. पीसीव्हीची (इंजिनातली तेलाची वाफ परत आत ओढणारी) दाबली आणि रेस खटकन खाली! नळी काढली तर खालच्या अंगाला दाताच्या खुणा आणि चीर. घरात कापूस भरला की उंदीर येतात आणि थंडीत गरम बॉनेटखाली मुक्काम करतात. त्यात आमचा उन्हाळा ४५ अंशांचा, रबर आधीच कडक झालेलं. काही जण असं भोक शोधायला कार्ब क्लीनर फवारतात. गरम इंजिनावर ते पेट घेऊ शकतं, पक्कड बरी.

नवी नळी येईपर्यंत मिस्त्रीनं डिझेलच्या पाइपाचा तुकडा बसवला. पाण्याचा पाइप तेलाच्या वाफेनं फुगतो. नंतर कंपनीची नळी टाकली. कोड पुसण्याआधी सगळ्या आकड्यांचे फोटो काढून ठेवा, पुसला की शिकलेली ट्रिमही जाते. आता आयडल ७५०, ट्रिम २-३ च्या आत, आणि उन्हाळा-पावसाळा काढूनही तिथंच आहे.

गावातल्या बहुतेक मोठ्या गाड्या डिझेल, तिथं हे ट्रिमचं गणित लागू नाही. शेजाऱ्याच्या बीएस ६ डिझेलची रेस अधूनमधून हजाराच्या पुढं जायची, पंखा जोरात, जळका वास. तो बिघाड नव्हताच. घर ते वावर एवढ्याच चकरा, त्यामुळं डीपीएफमध्ये (धुरातली काजळी अडवणाऱ्या गाळणीत) काजळी साचते आणि गाडी ती जाळते. अशा वेळी गाडी बंद करायची नाही, हायवेवर थोडी पळवून आणायची.

तक्रारी आहेत. स्वस्त ॲपात जाहिरातींचा सुळसुळाट. एअरबॅग, एबीएस वाचत नाही. भारतात ओबीडी-२ सक्तीचं झालं २०१३ च्या एप्रिलपासून, त्याआधीच्या गाडीला जुळेलच असं नाही. आयफोन असेल तर वायफायवाला किंवा त्यावर चालतो असं स्पष्ट लिहिलेलाच घ्या, साधा ब्लूटूथवाला जोडत नाही. आणि लावून विसरू नका, गाडी बरेच दिवस उभी राहिली तर बॅटरी उतरते. माझा स्कॅनर सध्या मिस्त्रीच्याच गल्ल्यात असतो, लागला की मागून आणतो.