प्रौढांच्या शिक्षकाचे ऑनलाइन प्रशिक्षण: थेट मीट बरी की डाउनलोड केलेला कोर्स?

प्रौढ असाक्षरांना लिहा-वाचायला शिकवणाऱ्या सरकारच्या उल्लास नवभारत साक्षरता कार्यक्रमात स्वयंसेवक म्हणून नोंदणी झाली, ॲपवर असाक्षरांची आपल्या नावाशी जोडणी झाली, की पुढे प्रशिक्षणाचे पाहावे लागते. गावात राहून ते दोन रीतींनी घेता येते. ठरल्या वेळी लिंकवर जाऊन थेट मीटमध्ये, म्हणजे फोनवरच्या व्हिडिओ बैठकीत बसायचे, नाहीतर दीक्षासारख्या सरकारी शिक्षण-ॲपवरचा कोर्स फोनमध्ये उतरवून सवडीने पुरा करायचा. दोन्ही करून पाहिल्यावर माझा कल दुसऱ्या रीतीकडे झाला आहे. तरी मीटची जमेची बाजू आधी सांगतो, कारण ती लहान नाही.

ती बाजू म्हणजे बोलीचे प्रश्न. वऱ्हाडी बोलणाऱ्या बाईसमोर ‘डोळा’ हा शब्द ठेवला की ती ‘डोया’ वाचते, ‘विहीर’ची ‘इहीर’ होते. नवा स्वयंसेवक ही चूक धरतो आणि तोच शब्द तीन-तीनदा म्हणवून घेतो. तीन वेळा टोकलेली बाई चौथ्या वेळी तोंडच उघडत नाही. वास्तविक तिने अक्षर ओळखलेले असते, उच्चार तेवढा तिच्या बोलीचा असतो. खात्री करायची तर ‘केळी’, ‘माळ’, ‘काया’, ‘माय’ अशा चार चिठ्ठ्या मांडाव्यात आणि ‘केळी कुठं आहे?’ असे विचारावे. बोट बरोबर चिठ्ठीवर पडले की वाचन झाले. लिहिताना मात्र ‘ळ’ वेगळा घ्यावाच लागतो, कारण कानाला ‘य’ ऐकू येतो आणि हात तोच लिहितो. सगळ्या राज्यासाठी बनवलेल्या कोर्समध्ये हे सहसा नसते. अमरावती-अकोल्याकडचे पंधरा-वीस जण मीटवर असले, तर कोणीतरी हा प्रश्न काढतो आणि दोन मिनिटांत उत्तर मिळते. मेळघाटात कोरकू, यवतमाळकडे कोलामी, गडचिरोलीत गोंडी आणि माडिया. तिथे तर उच्चाराच्या आधी अर्थाचाच पूल बांधावा लागतो, आणि तो त्या भाषेत वर्ग घेणाऱ्याशी बोलल्याशिवाय उमगत नाही.

नेटचा हिशेब मोठा नाही. तासभराच्या मीटला अर्धा ते एक जीबी जातो, कॅमेरा बंद ठेवला आणि समोरचे व्हिडिओही बंद केले तर बराच कमी. रोजच्या दीड जीबीच्या पॅकमध्ये ते बसते. रेंज गेली की धागा तुटतो हे खरे, पण त्यावरून मी निवड केली नसती.

निवड ठरली ती वेळेवरून.

प्रौढांचा वर्ग केव्हा भरतो ते पाहा. कापूस वेचणीच्या दिवसांत वावरातून यायला सहा वाजतात. मग पाणी, चूल, जेवण. बाया अंगणवाडीत येऊन बसतात त्या आठ-सव्वाआठला, आणि साडेनऊपर्यंत डोळे जड होतात. मीट ठेवणारेही कामावरची माणसे. दिवसा शाळा आणि कार्यालये असतात, म्हणून मीट सायंकाळी सात ते साडेआठ. म्हणजे ज्या घडीला आपले शिकणारे येऊन बसतात, त्या घडीला आपण अजून लिंकवरच. हजेरीचा फॉर्म शेवटी टाकतात, त्यामुळे मधूनच उठताही येत नाही. मुलाला शाळेत पाठवणारे कोणी घरी असते. पन्नाशीच्या बाईला वर्गाला पाठवणारे कोणी नसते, ती स्वतःच्या मनाने येते. दोन रात्री कुलूप दिसले की तिसऱ्या रात्री ती येत नाही, आणि तिच्यासोबत येणाऱ्या दोघीही थांबतात. शिकवण्याच्या प्रशिक्षणापायी वर्गच मोडावा, हे मला पटत नाही.

दुपारी तीनची मीट ठेवली तर हा पेच सुटतो का? शाळेतल्या शिक्षकाला ती जमत नाही, आणि मजुरीला जाणाऱ्या स्वयंसेविकेची रोजी बुडते. या कामाला मानधन नाही, तेव्हा हेही मोजावे लागते.

डाउनलोड केलेल्या कोर्सचे सगळ्यात मोठे सुख म्हणजे दुपारी चारला पाहिलेला दहा मिनिटांचा व्हिडिओ त्याच रात्री आठला वापरता येतो. पेन्सिल धरायचे उदाहरण घ्या. इळा आणि वखर धरणारा हात पेन्सिल मुठीत आवळतो. टोक मोडते, कागद फाटतो, शिकणारा ओशाळतो. म्हणून आधी पाटी आणि खडू, त्यावर उभ्या-आडव्या रेघा, मग अर्धगोल. पकड अंगठा आणि तर्जनीची, खालून मधल्या बोटाचा टेका. ही पकड व्हिडिओत दिसते तिथे थांबवून फोन शिकणाऱ्यासमोरच ठेवता येतो. मीटवर प्रशिक्षकाचा हात नखाएवढा दिसतो, आणि तो क्षण परत आणता येत नाही.

मात्र या कोर्समध्ये अडचणी येतात त्या नोंदीच्या, आणि क्रम चुकला की सगळी मेहनत वाया जाते. आधी प्रोफाइलमधले नाव आधारप्रमाणे करा, प्रमाणपत्रावर तेच छापून येते. मग नेट चालू असतानाच कोर्समध्ये सामील व्हा. सामील न होता नुसता व्हिडिओ उतरवून पाहिला तर तो तुमच्या खात्यात धरला जात नाही. उतरवण्याचे काम तालुक्याला बाजाराच्या दिवशी, चांगल्या रेंजमध्ये करून घ्यावे. व्हिडिओ शेवटपर्यंत चालू द्या, पट्टी पुढे ओढली की प्रगती अर्धवट राहते. नेट नसताना पाहिलेल्याची नोंद फोनमध्येच असते, नेट लागले की वर जाते. त्याआधी ॲप काढले, डेटा पुसला किंवा फोन बदलला तर ती गेलीच. बॅच, म्हणजे कोर्सची ठरलेली मुदत, संपण्याच्या चार दिवस आधीच नेटमध्ये येऊन टक्केवारी पाहा. शेवटच्या दिवशी गर्दीत ॲप संथ होते. तिघांनी एका फोनवर मिळून पाहिले तर शिकणे तिघांचे होते, नोंद मात्र ज्याचे लॉगिन त्याचीच. बाकी दोघांनी आपापल्या लॉगिनवरून पुन्हा चालवावे लागते.

बोलीच्या प्रश्नाखेरीज उणीव आहे ती एकच, पण खरी: तुमचा वर्ग कोणी पाहत नाही. त्यावर थोडा इलाज असा, की शिकणाऱ्याची परवानगी घेऊन तिच्या वाचनाचा दोन मिनिटांचा आवाज आपल्या केंद्रातल्या (आसपासच्या शाळांच्या गटातल्या) जाणत्या शिक्षकाला व्हॉट्सॲपवर पाठवावा. तो सवडीने ऐकतो, तुम्ही सवडीने उत्तर ऐकता, आणि आठची वेळ मोकळी राहते. कोणी पुस्तक हातभर दूर धरून अडखळत असेल तर तेही कळवा. पुष्कळदा तिथे अक्षरांची अडचण नसतेच, चाळिशीचा चष्मा लागलेला असतो. मागचे धडे पुन्हा घेण्याआधी तिला नेत्रतपासणीला पाठवा.

कधीच शिकवले नसेल, तर सुरुवातीच्या एक-दोन मीट जरूर कराव्यात, वर्ग सुरू व्हायच्या आधी. शिकणाऱ्यांच्या परीक्षेपूर्वीही एक करावी. 150 गुणांची चाचणी, वाचन, लेखन आणि संख्याज्ञान प्रत्येकी 50, प्रत्येक भागात 33 टक्के लागतात. त्या सूचना आणि फॉर्म थेट ऐकलेले बरे. महाराष्ट्रातली पहिली चाचणी 17 मार्च 2024 ला झाली. मार्च म्हणजे आपल्याकडे हरभरा निघण्याचे आणि मोहफुले वेचण्याचे दिवस, तेव्हा वर्गाची वेळ आणखी सरकते. एरवी वर्षभराचा आधार डाउनलोड केलेल्या कोर्सचाच ठेवावा, असे मला वाटते. गडचिरोलीच्या आतल्या गावांत, जिथे फोन झाडाखाली नेऊन रेंज शोधावी लागते, तिथे तर दुसरा पर्यायच नाही.

वरून मीटच सक्तीची आली, तर शेजारच्या गावातल्या स्वयंसेवकाशी पाळी लावून घ्या: आज तो मीटमध्ये बसेल आणि तुम्ही तुमचा वर्ग घेऊन त्याचाही तासभर सांभाळाल, पुढच्या वेळी उलट. त्यासाठी दोन्ही वर्गांची वेळ मागेपुढे करावी लागते. ती बायांना आदल्या रात्रीच सांगून ठेवा, म्हणजे कोणी बंद दारावरून परत जाणार नाही.