जोडीनं खान्देश बघायचाय: जळगावची बाजू की धुळे-नंदुरबारची?

नवऱ्याचं मूळ गाव रावेर तालुक्यात, माझं शहादा तालुक्यात, आणि दोघंही वाढलो पुण्यात. लहानपणीच्या चार सुट्ट्या सोडल्या तर खान्देश आम्हाला लग्नपत्रिकेवरच्या 'मु. पो.'पुरताच ठाऊक. म्हणून गेल्या हिवाळ्यात गाडी काढून जळगावकडचा पूर्व खान्देश केला आणि या हिवाळ्यात धुळे-नंदुरबारचा पश्चिम. इंग्रजांनी १९०६ साली खान्देशाचे असे दोन जिल्हे केले, पण फिरताना या दोन बाजू आजही वेगळ्या लागतात. हातात चारच दिवस असतील तर दोन्ही एका फेरीत कोंबू नका. नुसता डांबरी रस्ता बघून परत याल.

पूर्वेची बाजू सोपी आहे. जळगावात मुक्काम ठेवला की बरंच काही तासा-दीड तासात येतं, हॉटेलं भरपूर आणि रस्ते बहुतेक सपाट. असोदा जळगावला लागूनच. तिथे जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींची (१८८०–१९५१) लेवा बोली यावल-रावेरकडे आजही कानावर पडते. माझ्या सासूबाई फोनवर गावाकडच्यांशी असंच बोलतात, हे मला तिथे गेल्यावर उमगलं. पुढे फैजपूर. खेड्यात भरलेलं काँग्रेसचं पहिलं अधिवेशन १९३६ साली इथलं. नवऱ्याचे पणजोबा बैलगाडीनं गेले होते, असं घरात सांगतात. तिथून रावेरपर्यंत दोन्ही अंगांना केळीच्या बागा. एरंडोलजवळचं पद्मालय वाटेत पडत असेल तर जरूर बघा, डाव्या आणि उजव्या सोंडेचे दोन गणपती एकाच गाभाऱ्यात आहेत. अजिंठा जळगावहून जवळ पडतो म्हणून मोह होईल. या फेरीत तो टाळा, त्याला वेगळा दिवस द्या.

पूर्वेचं खरं वैभव जेवणात आहे. आम्ही डिसेंबरात गेलो, म्हणजे भरिताचा मोसम. एका शेतात पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या काड्यांच्या, जाळावर हिरवी-पांढरी मोठाली वांगी भाजत होते. साल काळीठिक्कर होऊन फुटली की हातानं सोलायची, लाकडी भांड्यात कुटायची, मग हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात आणि शेंगदाणे. सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी. पुण्यात मी दहा वेळा करून पाहिलंय, ती धुराची चव येत नाही.

पश्चिमेला मात्र जरा कष्ट आहेत. गावांमधली अंतरं मोठी, मुक्कामाच्या सोयी कमी. धुळ्यात पांझरेकाठची एकवीरा अनेक घरांची कुलदेवी, नव्या जोडप्यांचं पहिलं दर्शन बहुधा तिथलंच. इतिहासाची ओढ असेल तर इतिहासाचार्य राजवाड्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आणि रामदासी हस्तलिखितं जपणारं समर्थ वाग्देवता मंदिर, यांना सकाळभर द्या. दोंडाईचाहून शहाद्याकडे जाताना तापीकाठी सारंगखेडा लागतं. दत्तजयंतीला तिथे घोड्यांचा बाजार भरतो, तारीख जुळत असेल तर सगळा बेत त्याभोवती आखा. नंदुरबारजवळ मिरची वाळत घातलेली लालभडक पठारं दिसली आणि काचा वर करूनही आम्ही दोघं शिंकत राहिलो.

तोरणमाळ साडेतीन हजार फुटांहून उंच आहे. सातपायरीच्या घाटात रस्ता इतका वळतो की मला दोनदा गाडी थांबवायला लावावी लागली. वर यशवंत तलाव आणि सीताखाई. आम्ही शनिवारी गेलो, फोनवर कबूल केलेली खोली दुसऱ्याला देऊन टाकलेली होती, आणि अंधारात घाट उतरावा लागला. आठवड्याच्या मधल्या दिवशी जा आणि आगाऊ पैसे भरून पावती घ्या.

तापी दोन्हीकडे भेटते. पूर्वेला चांगदेव गावी पूर्णा तिला मिळते, मुक्ताईचं कोथळी तिथून जवळच. पश्चिमेला प्रकाशा, ज्याला दक्षिण काशी म्हणतात, तिथे गोमाई मिळते. पाण्याचा विस्तार चांगदेवला मोठा, पण मला प्रकाशाचे घाट जास्त आवडले.

सोबत वडीलधारी असतील, सुट्टी तीन दिवसांची असेल, तर पूर्व. दोघंच असाल आणि चार-पाच दिवस निवांत असतील, तर पश्चिम. एप्रिल-मे दोन्हीकडे नकोच, ऊन पंचेचाळीसला टेकतं.

पण हे सगळं ठरवण्याआधी घरात एक विचारा: त्या बाजूला आपल्याला ओळखणारं कुणी उरलंय का? रावेरकडे नवऱ्याच्या वाड्याला कुलूप होतं. आम्ही ओट्यावर पाच मिनिटं बसलो, त्यानं कडीवरची धूळ पुसली आणि निघालो. त्या दिवशी तो फारसा बोलला नाही. माझ्या गावी पाराजवळ गाडी थांबवली तर एका म्हाताऱ्या बाईनं काचेत डोकावून विचारलं, "कोनी पोर शे व माय तू?" मी आजीचं नाव सांगितलं. तिनं दार उघडून माझा हात धरला आणि आम्हाला घरी नेलं. खापरावरची पुरणपोळी तिनं कोपरापर्यंतच्या हातांवर पसरून टाकली, आणि प्रकाशाला पोहोचायला आम्हाला संध्याकाळ झाली.