सेव्हिलचं घर, लिथुआनियाचं खातं

स्पेनच्या सेव्हिल शहरात सुट्टीसाठी घर भाड्यानं घेताना आमची फसवणूक झाली, तीत गेले 1,03,996 रुपये. त्यात 1,120 युरोचे 1,02,816 आणि बँकेचे चार्जेस 1,180. निम्मे माझे, निम्मे साडूंचे. हे लिहायला इतके महिने लागले, कारण लाज वाटत होती. पण परवा ओळखीतलं एक जोडपं एप्रिलमध्ये स्पेनला निघाल्याचं कळलं आणि गप्प बसवेना.

आम्हाला आठ दिवसांत पाच देश पळवणारी टूर नको होती. सेव्हिल, कोर्दोबा, ग्रनादा, एवढंच निवांत बघायचं होतं. 2025 च्या एप्रिलमध्ये इस्टरच्या आधीचा आठवडा गाठायचा होता, कारण तेव्हाच सेव्हिलच्या मिरवणुका निघतात. बायकोला मधुमेह आहे, वेळेवर घरचं जेवण लागतं, म्हणून हॉटेल नको, स्वयंपाकघर असलेलं घर हवं होतं. एका साइटवर सेव्हिलच्या सांता क्रूझ भागात मिळालं. निळ्या टाइल्सचा ओटा, गॅलरीत लिंबाची कुंडी.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. साइटवर दोन निरोप झाल्यावर मालक व्हॉट्सॲपवर आला, 'साइटचं कमिशन वाचवू, 1,320 युरोचे 1,120 करतो' म्हणाला. ओळखपत्राचा फोटो पाठवला, सहीचा करारनामा पाठवला. तोच कागद आम्ही शेंगेन व्हिसाला जोडला आणि व्हिसा मिळाला. सरकारी माणसांच्या नजरेखालून गेलेल्या कागदावर मी शंका कशाला घेऊ? व्हिसा मिळाला म्हणजे घराची खातरजमा झाली, असं मुळीच नसतं.

पण मला खरं छळतो तो बँकेतला दिवस. परदेशी पैसे पाठवायचा ए-टू फॉर्म भरताना काउंटरवरची मुलगी थांबली. "काका, घर स्पेनमध्ये आहे ना? खातं लिथुआनियाचं दिसतंय." स्पेनच्या खात्याचा क्रमांक 'ईएस'ने सुरू होतो, हा 'एलटी'ने सुरू होत होता. मी एकतीस वर्षं हिशेबाच्या टेबलावर काढली आहेत. दुसऱ्याच्या व्हाउचरवर असा फरक दिसला असता तर मी ते परत पाठवलं असतं. तिला मात्र म्हणालो, "ऑनलाइन बँक असेल, युरोपात चालतं तसं." हे खोटंही नाही. लिथुआनियात नोंदलेल्या ऑनलाइन बँकांची खाती युरोपभर लोक वापरतात. पण त्या मुलीनं दार उघडून दिलं होतं आणि मी ते स्वतःच्या हातानं लावलं. तिनं पुन्हा विचारलं, "नक्की ना?" मी सही केली.

जाहिरातीतला परवाना क्रमांकसुद्धा मला नंतर वाचता आला. सेव्हिल ज्या भागात येतं त्या अँदालुसियात पर्यटकांना भाड्यानं द्यायच्या घराला नोंदणी क्रमांक लागतो, त्यात प्रांताची अक्षरं असतात. सेव्हिलला 'एसई'. आमच्या घराला होतं 'एमए', म्हणजे मालागा. आणि त्या आठवड्यात सेव्हिलच्या मध्यवस्तीत दोन खोल्यांचं घर 140 युरो रोजानं मिळत नाही, हे चार हॉटेलांचे दर बघितले असते तरी कळलं असतं.

13 एप्रिल, पाम संडे, म्हणजे इस्टरच्या आधीचा रविवार. रस्ते मिरवणुकीसाठी बंद, टोकदार टोप्यांचे नाझारेनो, म्हणजे मिरवणुकीतले भाविक, मेणबत्त्या घेऊन चाललेले, आणि आम्ही चौघं दगडी गल्लीतून बॅगा ओढतोय. त्या पत्त्यावर एका आजींचं राहतं घर होतं. कागद बघून त्यांनी मान हलवली, आम्ही पहिले नव्हतो. मालकाचा फोन बंद. साडू एक शब्द बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. त्या गर्दीत दोन रात्रींना दोन खोल्या मिळाल्या, त्याचे आणखी 1,060 युरो.

तिथल्या पोलीस ठाण्यात तीन तास बसलो. फोनवरच्या दुभाष्यामार्फत तक्रार झाली, तीन पानं स्पॅनिश हातात मिळालं आणि वर, 'पैसे भारतातून गेले, तिकडे बघा.' परतल्यावर आमच्या पोलीस ठाण्यात, 'घर स्पेनमध्ये, गुन्हा तिकडे घडला.' स्पॅनिश कागदाचं भाषांतर आणा म्हणाले. आणलं, 3,600 रुपये. मग साहेब बंदोबस्तावर, मग साहेब बदलले. गुन्हा कुठेही घडो, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार फिर्याद घ्यावी लागते, हे मी छापील कागदावर नेऊन दाखवलं, तर 'काका, एवढं कळतं तर पैसे कसे पाठवलेत?' हे वाक्य एका वर्दीतल्या माणसानं माझ्या बायकोदेखत मला ऐकवलं. बँक म्हणते, ग्राहकानं स्वतः सही केली, एफआयआर आणा. पोलीस म्हणतात, बँकेचं पत्र आणा. पैसे परत मागवायच्या अर्जाचे बँकेनं 590 रुपये घेतले आणि बारा दिवसांनी उत्तर आलं, खात्यात शिल्लक नाही.

पैसे गेल्याचं कळताच त्याच तासात 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. मला कळलं तीन महिन्यांनी, तिथेच सगळं संपलं होतं. साइटबाहेर पैसे पाठवू नका, कितीही सूट देवोत. खात्याचा देश आणि घराचा देश ताडून बघा. घराचे फोटो इमेज सर्चमध्ये टाका, दोन मिनिटं लागतात.

साडूंना त्यांचे 51,998 मी दिले. ते घेत नव्हते, बायकोनं मेव्हणीच्या हातात ठेवले. काल रात्री तेच फोटो शोधले. निळा ओटा, लिंबाची कुंडी, घर आता कादिझमध्ये, 95 युरो रोज. साइटला कळवलं आहे. सकाळपर्यंत जाहिरात निघाली नव्हती.