शॉटकट, आठ महिन्यांनंतर: माझा ज आणि माझे ओठ

शॉटकट हे व्हिडिओ एडिटिंगचं सॉफ्टवेअर फुकट आहे, कुठून उतरवायचं, हे बहुतेक शिक्षकांना माहीत आहे. त्यात शिरत नाही.

इंदुरातल्या मराठी घरांच्या मुलांना मी ऑनलाइन मराठी शिकवते. घरात मराठी, शाळेत नि गल्लीत हिंदी. त्यामुळे 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे जिवंत राहा, दोन्हीकडे त्यांचा ज एकच. 'माझा' आणि 'माझी' यांतला झ वेगळा, हे नुसतं ऐकून त्यांना पकडता येत नाही. दात कसे मिटतात ते बघावं लागतं. म्हणून तोंड आणि आवाज जुळणं हाच माझा अर्धा धडा.

फोनवर धडा रेकॉर्ड करून शॉटकटमध्ये घेतला की तेच जुळेना. सुरुवात ठीक, विसाव्या मिनिटाला सेकंदभराची फारकत. एका आईचा निरोप आला, "ताई, तोंड आधी हलतं." जेल रोडवरच्या एका दुकानदाराने माइकचा दोष सांगून ८५० रुपयांचा नवा गळ्यात मारला. फरक शून्य. ते पैसे अजून टोचतात.

जूनपर्यंत मी शॉटकटलाच दोष देत होते. ते मत आता मागे घेते. उजेड कमी झाला की फोन सेकंदाला ३० ऐवजी कमी फ्रेम, म्हणजे चित्रं, काढतो, उजेड आला की पुन्हा ३०; आवाज आपल्या चालीने जातो. ३० आणि २९.९७ एवढाच फरक धरला, तरी २० मिनिटांत १.२ सेकंद होतात. तीन-चार मिनिटांच्या तुकड्यात हे कुणाला जाणवतही नाही. आणि फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम ते, बदलता आहे, फाइल एडिटिंगजोगी करून देऊ का, असं शॉटकट पहिल्या दिवसापासून विचारत होतं. तशी फाइल फार फुगते, माझी डिस्क भरलेली, म्हणून मी दर वेळी 'नको' दाबलं.

आता आधी हँडब्रेक या व्हिडिओ बदलून देणाऱ्या सॉफ्टवेअरमधून फ्रेमरेट कॉन्स्टंट, म्हणजे एकसारखा, करून घेते. तेही फुकट, आणि फाइल आटोपशीर राहते. शूटिंग सकाळी, खिडकीसमोर. कापाकापी सोपीच आहे: एस दाबलं की तुकडा पडतो, एक्स दाबलं की तो जातो आणि पुढचं सरकून येतं. फक्त मूळ क्लिपा हलवू नका. प्रोजेक्टच्या फाइलीत त्यांचा पत्ता असतो, क्लिपा नसतात.

१४ जुन्या धड्यांचं मूळ रेकॉर्डिंग आहे, ते रोज रात्री एकेक हँडब्रेकला लावून ठेवते. नऊ धड्यांचं मी जागेसाठी पुसलं होतं. ज-झचा धडा त्यातच गेला; तो येत्या रविवारी पुन्हा शिकवणार आहे.