मुख्य विषय कसे शिकवायचे: प्रकल्प, फ्लिप्ड क्लासरूम की नुसता गृहपाठात बदल?

माध्यमिक शाळेत ‘शिकवण्याची पद्धत बदलू या’ असा विषय निघाला की दोनच नावं पुढे येतात: प्रकल्पाधारित शिक्षण आणि फ्लिप्ड क्लासरूम. तिसऱ्या पर्यायाचं नाव सहसा कुणी काढत नाही, कारण त्यात मिरवण्यासारखं काही नाही. शिकवणं आहे तसंच ठेवायचं, फक्त सरावाचे प्रश्न सरमिसळ करून द्यायचे. एकच बदल झेपणार असेल, तर माझं मत या तिसऱ्याला आहे.

फ्लिप्डचं आधी उरकून घेऊ. धडा व्हिडिओवर घरी बघायचा आणि उदाहरणं वर्गात सोडवायची. २००७ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडोत जोनाथन बर्गमन आणि ॲरन सॅम्स हे रसायनशास्त्राचे शिक्षक तास बुडालेल्या मुलांसाठी धडे रेकॉर्ड करू लागले आणि तिथून ही पद्धत पसरली. वर्गातला वेळ मोकळा होतो, हे खरंच. पण निम्मी मुलं व्हिडिओ न बघताच आली तर काय करणार? तोच धडा पुन्हा सांगावा लागला, तर शिक्षकाचं काम दुप्पट होतं. याचं उत्तर तयार नसेल तर या वाटेला जाऊ नये.

प्रकल्पांची ओढ समजण्यासारखी आहे. मुलं हलतात, बोलतात, प्रश्न विचारतात. इतिहासात एकाच घटनेच्या दोन विरोधी नोंदी शेजारी ठेवून ‘कुणावर विश्वास ठेवायचा आणि का’ हे शोधायला लावणं कुठल्याही व्याख्यानापेक्षा सरस आहे. भाषेतही तसंच. अडचण येते ती गणित-विज्ञानात. नदीच्या पाण्याची तपासणी हा नेहमीचा प्रकल्प घ्या. नमुने गोळा होतात, पट्टी बुडवून पीएच मोजला जातो, रंगीत तक्ता भिंतीवर लागतो. पण पीएच ६ वरून ५ वर आला म्हणजे हायड्रोजन आयनांचं प्रमाण दहापट झालं, हे त्या गडबडीत किती जणांना कळलं? ती संकल्पना आधी नीट शिकवलेली असेल तर प्रकल्पाला अर्थ येतो. नवख्या मुलाला ती आपोआप सापडेल ही अपेक्षा भाबडी आहे.

इथे फिनलंडचा दाखला हमखास दिला जातो. त्यांनी विषयच मोडीत काढले, हे खरं नाही. २०१६ पासून लागू झालेल्या तिथल्या अभ्यासक्रमात वर्षातून किमान एक बहुविषयक घटक बंधनकारक केला; गणित, इतिहास वगैरे विषय जागच्या जागी राहिले.

आता तिसरा पर्याय. ‘वर्गसमीकरणे’ या प्रकरणाखालची दहाच्या दहा गणितं वर्गसमीकरणाचीच असतात. कुठली रीत लावायची हे मथळाच सांगून टाकतो. आता ही दोन बघा. आयताची लांबी रुंदीपेक्षा ३ ने जास्त, क्षेत्रफळ ४०; रुंदी काढा. आयताची लांबी रुंदीपेक्षा ३ ने जास्त, परिमिती २६, रुंदी काढा. दोन्हीचं उत्तर ५, पण पहिल्यात वर्गसमीकरण, दुसऱ्यात साधं रेषीय. लागोपाठ दिली की मुलाला आधी थांबून रीत निवडावी लागते, आणि परीक्षेत नेमकं हेच अडतं.

डग रोरर आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सातवीचे ५४ वर्ग होते. काही महिने सगळ्यांनी गणितं तीच सोडवली. काहींना ती प्रकारवार मिळाली, काहींना मिसळून. महिन्याभराने न सांगता घेतलेल्या चाचणीत मिसळून सराव केलेल्यांना सरासरी ६१ टक्के, तर प्रकारवार सराव केलेल्यांना ३८ टक्के गुण मिळाले. यासाठी ना नवी पुस्तकं लागतात, ना वेळापत्रकाची मोडतोड. विज्ञानातल्या आकडेमोडीच्या उदाहरणांनाही हीच युक्ती चालते. निबंधाला मात्र ती लागू नाही, तिथे भाषेच्या शिक्षकांना प्रकल्पांची मोकळीक द्यावी.

या बदलातही एक खोच आहेच. सरमिसळ गृहपाठाला वेळ जास्त लागतो, चुका जास्त होतात आणि सुरुवातीला मुलं मागे पडल्यासारखी वाटतात. पालकसभेत हे आधीच सांगून ठेवा आणि पद्धतीचा निकाल लगेचच्या चाचणीवर लावू नका. महिन्याभरानंतरची एखादी चाचणी वेळापत्रकात आत्ताच घालून ठेवा.