सिव्हिक्स टेस्टचं ॲप: आवाज मस्त, प्रश्न जुने

आईच्या अमेरिकन सिटिझनशिपच्या सिव्हिक्स टेस्टसाठी (अमेरिकेचा इतिहास आणि सरकार यावरचे प्रश्न) हे पेड ॲप घेतलं आणि तीन महिने वापरलं, म्हणून लिहितेय. ऐकायची सोय खरंच भारी आहे, कारण खऱ्या टेस्टला ऑफिसर तोंडीच विचारतो, पर्याय वगैरे नसतात. आई भाजी निवडता निवडता ऐकायची आणि उत्तरं द्यायची. हाउसमध्ये, म्हणजे इथल्या संसदेच्या खालच्या सभागृहात, मतदान करणारे मेंबर किती, तर बिनधास्त "५४३"! अगं आई, ती लोकसभा, इथे ४३५ :) सिनेटरची टर्म ६ वर्षं मात्र पटकन बसली, राज्यसभेसारखीच ना.

पण मेन घोळ पुढेच. २० ऑक्टोबर २०२५ पासून ज्यांनी एन-४०० (सिटिझनशिपचा फॉर्म) भरला त्यांना नवीन टेस्ट आहे, १२८ प्रश्नांतले २० पर्यंत विचारतात आणि १२ बरोबर लागतात, आणि हे ॲप अजून जुन्या १०० प्रश्नांवरच, १० पैकी ६ वालं! आमचा फॉर्म नंतरचा, त्यामुळे महिनाभर चुकीच्या लिस्टवर घोकंपट्टी झाली. सपोर्टला मेल टाकला, रिप्लाय शून्य. गव्हर्नरचं नावही जुनंच दाखवतं.

शेवटी यूएससीआयएसच्या (अमेरिकेचं सरकारी इमिग्रेशन खातं) साइटवरून फुकट पीडीएफ काढली, मोठ्या अक्षरात प्रिंट मारली आणि फ्रिजवर लावली. पासष्टीच्या पुढचे आणि २० वर्षं ग्रीन कार्डवाले असतील तर त्यांना फक्त २० प्रश्नांचीच तयारी लागते, ते तर ॲपमध्ये कुठेच नाही.

दोन स्टार, तेही आवाजासाठी.