कासचे छायाचित्र की रंगीत काचेचे तावदान?

साताऱ्यातील घराच्या दिवाणखान्यात कास पठाराचे मोठे छायाचित्र लावावे की रंगीत काचेचे तावदान करवून घ्यावे, हे मुख्यतः उजेड कोठून येतो यावर ठरते. छायाचित्र समोरून पडलेला उजेड परत पाठवते, तर काचेतून तो आरपार जातो. म्हणून खिडकी नसलेल्या आंधळ्या भिंतीवर काच निस्तेज दिसते आणि पश्चिमेच्या उन्हात टांगलेले छायाचित्र हळूहळू फिकट पडते. काचेचा रंग मात्र टिकतो, कारण निळ्यासाठी कोबाल्ट, हिरव्यासाठी लोह किंवा क्रोमियम अशी धातूंची ऑक्साइडे वितळत्या काचेतच मिसळलेली असतात. तुकडे शिशाच्या खाचदार पट्ट्यांत बसवून सांध्यांना डाख देतात, आणि त्या काळ्या रेषांमध्ये तेरड्याचा पठारभर पसरलेला गुलाबी रंग एका सपाट ठिपक्यावर येतो. २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या कासचे धुके, सड्यावरचे (उघड्या कातळावरचे) पाणी, ‘सीतेची आसवे’ या रानफुलांची जांभळट निळाई कॅमेराच टिपू शकतो (तीही पावसाने उघडीप दिली तर). याउलट अजिंक्यताऱ्याची ठळक बाह्यरेषा काचेला अधिक मानवते. खर्चात छपाई स्वस्त पडते, हे सांगायला नकोच.